तांदळातलं नाव

विवाह प्रमाणपत्र हाती आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यावरची बायको दोन बॅगा घेऊन श्रीरंग देवकुळेच्या घरी राहायला आली.

तिचं नाव मृण्मयी. लग्नात मावशीने ताटात तांदूळ पसरले, तेव्हा श्रीरंगने अंगठीने हेच नाव लिहिलं होतं आणि पुढे नोंदणीच्या अर्जातही तेच भरलं. ज्या मुलीशी त्याचं लग्न झालं ती हेमलता. "तुझं नाव तुझंच राहील," असं त्याने कॉलेजात तिला वचन दिलं होतं. मांडवात ती त्याच्याकडे बघत होती आणि तो तांदळाकडे.

हेमलताने पाहुणीला पाणी दिलं. मग तिघं नोंदणी कार्यालयात गेली.

तिथल्या कारकून कुंभोजकरबाईंनी चष्मा चढवून कागद पाहिला. "लग्न वैध आहे. नाव चुकलं म्हणून लग्न मोडत नाही."

"मग मी कोण?" हेमलताने विचारलं.

"तुम्ही सध्या पाहुण्या. बसा ना." बाईंनी खुर्ची सरकवली. "दुरुस्ती होते. प्रतिज्ञापत्रात चूक कोणाची ते यांनी लिहायचं. खरं लिहिलं की या मृण्मयी परत जातील."

"माझी हरकत नाही," मृण्मयी म्हणाली. "मला तरी कुठे विचारून आणलंय?"

"लिही रे," हेमलता म्हणाली. "एक ओळ तर आहे."

श्रीरंगने पेन उचललं. मागे रांगेतली माणसं वाकून बघत होती. त्याचे कान तापले. त्याने लिहिलं, 'कारकुनाची चूक.'

कुंभोजकरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी कपाटातून मूळ अर्ज काढून शेजारी ठेवला. दोन्हींवरचं अक्षर एकच होतं. "रोज चार जण येतात," त्या म्हणाल्या, "चौघांतही चूक आमचीच."

दोघींनी ती ओळ वाचली. हेमलता उठली आणि मृण्मयीला म्हणाली, "चला, माझ्या आईकडे जागा आहे."

"माझ्या बॅगा तुमच्याकडे आहेत."

"एक तुम्ही घ्या, एक मी घेते."

त्या गेल्यावर श्रीरंगने मान वर न करता विचारलं, "आणि माझं?"

बाईंनी पत्नीच्या रकान्यावर पांढरी पट्टी चिकटवली आणि शिक्का मारला. "तुमचं लग्न वैध आहे, देवकुळे. जपून ठेवा."

संध्याकाळी त्याने एकट्यापुरते तांदूळ ताटात घेतले. त्यात अंगठीने 'हेमलता' लिहिलं आणि दाराकडे बघत बसला. कोणी आलं नाही. त्यासाठी अर्जही भरावा लागतो, हे त्याला माहीत होतं.