नियंत्रित गटातली दानेश्वरी

शिक्षणाने माणूस सुधारतो की नाही, याबद्दल जाणकारांत दुमत आहे. पण शिक्षणावरच्या संशोधनाने माणूस सुधारतो, याबद्दल कुणाचंच दुमत नाही. त्याचा पगार सुधारतो, हुद्दा सुधारतो, दारावरची पाटी सुधारते आणि सासुरवाडीला गेल्यावर ताटात पडणारं वाढणंसुद्धा सुधारतं. मुलं सुधारतात का, हा वेगळ्या संशोधनाचा विषय असून त्यावर काम चालू आहे.

१९९७ साली हे भाग्य आमच्या गावाच्या वाट्याला आलं. बिद्रीहून मुरगूडला जाताना मध्ये आमचं गाव लागतं. जिल्ह्यात एवढ्या शाळा असताना आमचीच का निवडली, असं काही कुचकी माणसं विचारतात. ग्रामशिक्षण समितीचा सदस्य या नात्यानं (माझ्याकडे चहा-नाश्ता हे खातं होतं) मला याची शास्त्रीय कारणं ठाऊक आहेत. कोल्हापूरची एस.टी. आमच्या शाळेच्या फाटकातच थांबते, तीच दुपारी परत जाते, आणि दोन्हींच्या मधल्या वेळात गावात तांबडा-पांढरा रस्सा चांगला मिळतो. प्रबंधात याला ‘यादृच्छिक नमुना निवड’ असं म्हटलेलं आहे.

संशोधक होते हंबीरराव सर. कोल्हापुरातल्या एका बी.एड. कॉलेजात ते हंगामी प्राध्यापक होते आणि पीएच.डी. झाली की कायम होणार होते. घरच्यांनी ‘डॉ.’ची पाटी आधीच रंगवून घेतली होती. ती तोवर उलटी करून टांगली होती. माणूस अत्यंत सज्जन. शिक्षणातलं एकच दुःख त्यांना सतावत असे, ते म्हणजे मुदत.

त्यांनी शोधून काढलेल्या पद्धतीचं नाव टाळी-वाचन. साध्या अक्षराला एक टाळी, काना-मात्रेला चुटकी आणि जोडाक्षर आलं की मांडीवर शड्डू. मूल वाचतंही आणि त्याचा व्यायामही होतो. ‘स्वातंत्र्य’ हा शब्द वाचून झाला की पोरगं घामाघूम होऊन खाली बसायचं, इतकी ती पद्धत परिणामकारक होती.

आता कुठलीही पद्धत सिद्ध करायची, तर दोन गट लागतात. प्रायोगिक गटाला नवीन पद्धतीनं शिकवायचं. नियंत्रित गटाला नेहमीसारखं शिकवायचं. चौथीत बारा मुलं होती, त्यांची सहा-सहा अशी वाटणी झाली. प्रायोगिक गटाला सर स्वतः टाळ्या शिकवत. नियंत्रित गट हेडमास्तर पिराजी गुरुजींकडे होता आणि गुरुजींनी आमच्या शाळेची परंपरा काटेकोर पाळली. ते पोलिओच्या डोसाला गेले, मतदारयाद्यांना गेले, पंचायत समितीच्या मीटिंगला गेले आणि उरलेल्या वेळात हे सगळं केल्याचे अहवाल लिहीत बसले. इतकी निर्भेळ परंपरा फार कमी संशोधकांना मिळते.

नियंत्रित गटात सहाव्या नंबरला होती दानेश्वरी. गिरणीवाल्या चन्नाप्पाची ही पोरगी. पूर्वचाचणीत तिला चाळीसपैकी शून्य मिळालं. सर हरखले. बाकीच्यांना दोन, तीन असे लबाड गुण होते. इतकं स्वच्छ शून्य अख्ख्या कागल तालुक्यात सापडणार नाही, असं त्यांनी मला भजी खाता खाता सांगितलं. सगळी सरासरी त्या शून्यावर उभी राहणार होती.

पुढं दिवाळी आली आणि तिथं घोटाळा झाला. दिवाळीत गिरणीवर डब्यांची रांग लागते. आदल्या वर्षी शालूबाईंचं बेसन बाळाबाईंच्या घरी गेलं होतं आणि दोघींनी भर चौकात एकमेकींचा उद्धार केला होता. म्हणून यंदा चन्नाप्पाची बायको गंगव्वा हिनं प्रत्येक डब्यावर खडूनं नाव लिहून घेतलं आणि डबे द्यायला पोरीला बसवलं. नाव चुकलं की शिव्या पोरीला. आता एवढी शिस्त लागल्यावर कुठलंही मूल बिघडणारच. महिन्याभरात दानेश्वरी डबे वाचायला लागली. मग भिंतीवरची जाहिरात, मग खताची पिशवी, मग पीठ बांधायला आणलेली रद्दी. ना टाळी, ना चुटकी.

हे संकट गंगव्वानंच जाहीर केलं. सर चहाला गेले असता ती कौतुकानं म्हणाली, दानीला आता पेपर वाचाय येतोय. सरांचा चहा बशीतच राहिला.

रात्रभर त्यांनी आकडेमोड केली. दानेश्वरी वाचू लागली, तर दोन गटांतला फरक ‘सार्थक’ राहत नव्हता. फरक नाही म्हणजे पद्धत नाही, पद्धत नाही म्हणजे पदवी नाही, आणि पाटी जन्मभर उलटीच. दुसऱ्या दिवशी सर, गुरुजी आणि मी असं शिष्टमंडळ गिरणीवर गेलं. सरांनी फार मुद्देसूद मांडलं. मुलीनं वाचू नये असं आमचं अजिबात म्हणणं नाही, फक्त एप्रिलमधल्या उत्तरचाचणीपर्यंत तिनं वाचू नये. चौथीत एक वर्ष जादा बसावं लागेल. पण शिक्षणक्षेत्र तिचं ऋणी राहील.

इथं मला आमच्या मातीचा अभिमान वाटतो. दुसरीकडे बापानं हाकलून दिलं असतं. चन्नाप्पानं आधी पट्टा थांबवला, बसायला पोतं दिलं आणि पोरीला हाक मारली.

“दाने, पावणं कोल्हापुरास्नं हेलपाटं मारत्यात. त्येंचं काम आपल्यापायी अडलं, तर बरं दिसंल व्हय? परीक्षा हुईस्तवर वाचू नगंस.”

“आन् पोरीच्या वर्साचं काय?” गंगव्वानं विचारलं.

“पोरगी घरचीच हाय की.”

या उत्तरावर गंगव्वा आत गेली आणि आतून भांड्यांचा बराच आवाज आला. त्याची नोंद घ्यावी असं कुणाला वाटलं नाही.

उत्तरचाचणीला मी हजर होतो. (त्या दिवशी शिरा होता.) दानेश्वरीपुढं उतारा ठेवला. तिचे डोळे ओळीवरून सरकायला लागले, ओठ हलले, तसे गुरुजी खाकरले. तिनं ओठ मिटून घेतले आणि मान खाली घालून रडायला लागली. उतारा एका शेळीचा होता. रडण्यासारखं त्यात काही नव्हतं. प्रबंधात याची नोंद ‘प्रतिसाद नाही’ अशी आहे. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण संशोधन म्हटलं की थोडं मन घट्ट करावं लागतं, विशेषतः दुसऱ्याच्या पोरीच्या बाबतीत.

जूनमध्ये अकरा मुलं पाचवीला मुरगूडच्या एस.टी.त बसली. दानेश्वरी गिरणीच्या दारात उभी राहून एस.टी.कडं बघत होती. पाटीवर ‘मुरगूड’ लिहिलेलं तिला लांबूनही वाचता येत होतं, एवढीच काय ती अडचण.

प्रबंध लवकर झाला. निष्कर्ष आधीच लिहून ठेवल्यामुळं बराच वेळ वाचला. ऑगस्टमध्ये शाळेत सत्कार ठरला. फेटे, नारळ, खुर्च्या. बाहेरच्या जिल्ह्यातले परीक्षकसाहेबही मुद्दाम आले, कारण तांबड्या रश्श्याची कीर्ती त्यांच्यापर्यंत पोचली होती. प्रबंध ताटातून आणून सरांच्या हाती द्यायचा मान नियंत्रित गटाला द्यावा, अशी कल्पना निघाली. गटातली गावातल्या शाळेत उरलेली एकच मुलगी होती. तिला नवा परकर घालून उभं केलं.

चाचणी झाली होती. वाचू नको असं आता तिला कुणी सांगितलं नव्हतं. ताट टेबलावर टेकवताना तिनं प्रबंध मधूनच उघडला आणि माइकसमोर मोठ्यानं वाचलं:

“विद्यार्थिनी क्रमांक सहा हिला साधा शब्दही वाचता येत नाही. तिची आकलनशक्ती मर्यादित असून पालक शिक्षणाबाबत उदासीन आहेत.”

एवढी जोडाक्षरं गेली आणि एक शड्डू पडला नाही. बायकांच्या घोळक्यातून गंगव्वा उठली.

“उदासीन म्हंजी काय गं, दाने?”

“तुमास्नी माझं काय पडलेलं न्हाय, असं.”

चन्नाप्पा फेटा काढून त्याच्याकडंच बघत बसला. हंबीरराव सर घामाघूम झाले. प्रसंग परीक्षकसाहेबांनी सावरला. मोठी माणसं उगीच मोठी होत नाहीत. ते म्हणाले, इथं प्रबंध आणि मुलगी यांच्यात विसंगती दिसते. प्रबंध तर बांधून झालेला आहे, त्यावर सोनेरी अक्षरंही आहेत. तेव्हा दुरुस्तीला वाव मुलीच्याच बाजूला आहे. शिवाय शेजारच्या वर्गातल्या टाळ्या भिंतीतून झिरपून तिच्यावर परिणाम झाला असण्याची दाट शक्यता आहे. यावर स्वतंत्र संशोधन व्हावं, अशी त्यांनी शिफारस केली. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिराजी गुरुजींचा ज्वारीचा डबा गिरणीवर गेला. माझाही गेला. गंगव्वानं ते दोन्ही डबे बाजूला काढून कोपऱ्यात ठेवले आणि बाकीचं दळण सुरू केलं. संध्याकाळी गुरुजी पीठ न्यायला आले, तर ज्वारी तशीच.

“ह्यो नियंत्रित गट हाय, गुरुजी,” ती म्हणाली. “ह्येला काय करायचं नसतंय. बघू या, आपसूक पीठ हुतंय का.”

चन्नाप्पा मध्ये पडायला गेला, तर त्याचं जेवणही त्याच गटात टाकण्यात आलं. गुरुजींना भात चालत नाही, पोट धरतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुरगूडहून पीठ आणलं, ते जाडं निघालं आणि गुरुजींच्या मंडळींनी भाकरी थापायचं साफ नाकारलं. मग गुरुजींनी दानेश्वरीला बसवून पुन्हा तोंडी परीक्षा घेतली, चौथी पास केली आणि दाखला हातात दिला. पाचवीत उशिरा का होईना, पोर मुरगूडला गेली. हंबीरराव सर कायम झाले आणि टाळी-वाचनाची शिबिरं घेऊ लागले. तिथला चहा म्हणे बरा असतो.

ही हकीकत मी पुष्कळांना सांगितली आहे. ऐकणारे हसतात, हंबीररावांना नावं ठेवतात, गंगव्वाची तारीफ करतात, उत्तरचाचणीपाशी एखादा डोळेही पुसतो. मग सगळे एकच प्रश्न विचारतात. पोरगी हल्ली काय वाचते, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. आपणही मघापासून तो सगळ्यांचाच प्रश्न ओठांवर धरून बसला आहात, मला कळतंय, म्हणून उगाच ताणत नाही.

दहावीला पंच्याऐंशी टक्के पडले. आता पटलं ना, पोरीला वाचता येतं म्हणून?