दोन ते आठ

माळप्पा मास्तरांच्या फ्रिजची चावी त्यांच्या करदोड्याला बांधलेली असायची. घराचं दार दिवसभर सताड उघडं, कपाटाला कडी नाही, पण फ्रिजला कुलूप. तो उघडायचा सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, तोही आतला थर्मामीटर बघण्यापुरता. ऐन मे महिन्यात जावयानं थंड पाणी मागितलं, तर मास्तरांनी माठाकडं बोट दाखवलं आणि एवढंच म्हणाले, "दोन ते आठ." जावई बिचारा दोन वाजायची वाट बघत बसला.

दोन ते आठ म्हणजे अंश. त्या फ्रिजमध्ये गंगाक्काची इंजेक्शनं होती. गंगाक्का म्हणजे मास्तरांची बायको. तिला आमवात होता आणि हाताची बोटं मुडपून चालली होती. दोन हजार दहाच्या सुमाराला हैद्राबादच्या डॉक्टरांनी हे नवं औषध सुरू केलं, आठवड्याला एक सुई. बर्फ घातलेल्या थर्माकोलच्या डब्यातून मास्तर ते स्वतः बसनं बिदरला आणायचे. जागा एकच मिळाली तर डबा बसायचा आणि मास्तर उभे राहायचे. खिडकीकडची जागाही चालायची नाही, ऊन लागतं म्हणून.

बिदरच्या नौबाद भागात आमची घरं भिंतीला भिंत लागून. मास्तर हायस्कुलात सायन्स शिकवून रिटायर झालेले, पण शिकवणं काही सुटलं नव्हतं. भाजीवाली, मीटर बघायला आलेला माणूस, कुणीही सापडला की आमवाताचा धडा सुरू. ते मूळचे मादन हिप्परगा गावचे, घराणं मेंढरं राखणारं, त्यामुळं धड्यात मेंढरं यायचीच.

"हे बघा बाई," मला म्हणायचे, "आपल्या अंगात राखणीची कुत्री असत्यात. रोग आला की धरत्यात. अक्काची कुत्री तिच्याच मेंढरावर उठल्यात, सांधे तोडायल्यात. आता कुत्री मारून चालतंय का? मग लांडगा आल्यावर कोण? हे औषध कुत्र्याला हात लावत न्हाई. त्याला छू म्हणणारा जो हाय, त्याचं तोंड तेवढं दाबतंय. प्रथिन हाय हे, प्रथिन. लई नाजूक."

मी घड्याळाकडं बघत हूं हूं करायची. मला ऑफिस गाठायचं असायचं, आणि खरं सांगायचं तर मला मास्तरांचा रागच यायचा. कारण रोज सकाळी सहाला भिंतीपलीकडून भाकरी थापल्याचा आवाज यायचा. थप, थप, थप, सावकाश, जड हातानं. मला वाटायचं, बायको दुखऱ्या बोटांनी भाकऱ्या बडवायलीय आणि हा गडी थर्मामीटर बघत बसलाय. गल्लीतही गंगाक्काच्या भाकरीचं नाव होतं. मी एकदा मास्तरांना टोमणाही मारला, की सुईपेक्षा अक्काला सकाळचा आराम दिलात तर बरं होईल. ते नुसते हसले.

मग एका शुक्रवारी त्यांचाच फ्रिज बंद पडला. मेकॅनिक सोमवारी येणार होता आणि सुई रविवारची होती. त्या महिन्यातली शेवटची. मास्तर डबा छातीशी धरून आमच्याकडं आले, त्यातलं सुईचं पाकीट मधल्या कप्प्यात स्वतःच्या हातानं ठेवलं आणि दारावर कागद चिकटवला, 'दोन ते आठ. दाराजवळ ठेवू नये.' शनिवारी दिवसभरात चार वेळा येऊन गेले. मी वैतागून म्हटलं, मास्तर, मलाही अक्काची काळजी आहे.

काळजीनंच घात केला. ते शेवटचं बघून गेले आणि करंट गेला, तो तासाभरानं आला. गेलेला थंडावा भरून निघावा म्हणून मी ते पाकीट उचलून वरच्या बर्फाच्या कप्प्यात सारलं आणि निवांत झाले.

रविवारी मास्तरांनी ते हातात घेतलं. कडक झालं होतं. "गोठलं की प्रथिन मोडतंय," ते हळूच म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी दारावरचा कागद काढला, खिशातलं पेन घेतलं आणि खाली लिहिलं, 'वर ठेवू नये.' म्हणाले, "चूक माझी हाय. प्रश्न अर्धा लिहिला तर उत्तर कामून बरोबर येईल?"

दुसरी सुई मिळायला पाच-सहा दिवस लागणार होते. मंगळवारी कळलं, अक्काची बोटं पुन्हा आखडलीत, पेलासुद्धा धरवत नाही. बुधवारी सकाळी मी जागीच होते. आज काही आवाज येणार नाही, मी मनात म्हणत होते. आणि सहाला आवाज आला. थप, थप, थप.

मला राहवलं नाही. तशीच उठून त्यांच्या मागच्या दारानं आत शिरले. चुलीपुढं मास्तर बसले होते, कोपरापर्यंत पीठ. अक्का खुर्चीवर, हात मांडीवर ठेवून, "कडंला जाड हाय वो," म्हणत होती.

मास्तर दचकले. मग म्हणाले, "चार वर्षं झाली बाई. गल्लीत सांगू नका. भाकरी तिच्याच नावची राहू द्या."

मी मान डोलावली. शरमेनं मेल्यासारखं झालं होतं. कुणाला सांगितलं नाही, आज पहिल्यांदा सांगतेय.

नवा डबा आला, सुया सुरू झाल्या, दिवाळी गेली, संक्रांत गेली. आणि एका सकाळी भिंतीपलीकडचा आवाज बदलला. हलका, भराभर, मध्येच बांगड्यांचा. मी हातातला चहा ठेवून बाहेर धावले.

मास्तर पायरीवर बसले होते. हात कोरडे, पिठाचा कण नाही.

"बाहेर बसा म्हणाली," ते म्हणाले. "मधे मधे करू नका म्हणाली मला." हसत होते आणि डोळे पुसत होते. "आता सकाळच्याला मी काय करू, सांगा बघू?"

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मास्तरांनी वर्गात करतात तसा हात वर केला.

"गप बसा जरा. ऐकायलोय."

मग मीही पायरीवर बसले.