बटाट्याचं माहेर

"दत्ता, शीलाच्या एकादशीला तिला चुलीपुढं उभं करू नको. त्या दिवशी खिचडी तू कर. करतो म्हण, मंगच मी डोळे मिटते."

शेवटच्या आजारपणात कासाबाई लेकाला असं म्हणाल्या होत्या. दत्तराव "करतो" म्हणाले, कासाबाईंनी डोळे मिटले. त्यानंतरच्या वर्षात तेवीस एकादशा झाल्या आणि तेवीसही वेळा खिचडी शीलानंच केली.

सासूबाईंच्या नावानं धरलेल्या नेमातली आजची चोविसावी, शेवटची. आजचा फराळ नीट पार पडला की नेम पुरा. पूजा, पोथी, तुळशीच्या प्रदक्षिणा उरकून दुपारी दोनला ती ओसरीवर ताट घेऊन बसली. खिचडीत बटाट्याच्या फोडी, कडेला दही. तिनं हात जोडले आणि घास उचलला.

"बटाटा," मोबाइलमधून मान वर न काढता दत्तराव म्हणाले, "हा शब्द पोर्तुगीज आहे."

घास हवेतच थांबला. "म्हंजी?"

"म्हंजी आपला न्हाई. फिरंग्यांच्या जहाजातून आला. जुन्या पोथ्यांत बटाटा सापडायचा न्हाई."

दत्तराव निवृत्त मास्तर. शाळा सुटली होती, शिकवणं सुटलं नव्हतं. आणि शीलाचं अवघड असं, की उपासाच्या ताटावर शंका आली की घास घशाखाली उतरायचा नाही. तिनं मुकाट्यानं एकेक फोड बाजूला काढली.

"साबुदाणा तरी कुठं आपला? साबू मलायातला."

"आन शेंगदाणे?"

"नाव आपलं. पण झाड सातासमुद्रापलीकडचं."

"मिरची?"

"ती बी त्याच जहाजातली."

"तुमी मला जेवू घालायलाव का जहाजं मोजायला लावायलाव?" शीलानं ताट ओसरीच्या कडेला सरकवलं.

"मी खाऊ नको म्हणलो का? निस्ती माहिती द्यायलोय. बरं, माझा चहा ठेव."

शीला आत गेली आणि कप घेऊन आली. दत्तरावांनी घोट घेतला आणि कपात डोकावून पाहिलं. "यात पत्ती कुठंय?"

"चहा कुठला शब्द?"

मास्तरांना या बाबतीत खोटं बोलता येईना. "चीनचा."

"आन साखर?"

"साखर आपली. संस्कृतातली."

"मंग आपलं तेवढं घातलंय. दूध आन साखर."

विरजण मागायला आलेली शेजारची कडूबाई दारात उभी राहून हे सगळं ऐकत होती. ती पुढं आली. "अवो मास्तर, मी चारठाण्याची. चाळीस वर्सं झाली हितं येऊन. मला बी परत धाडता का?"

"तुमी कशा परक्या? चाळीस वर्सं राबलाव हितं."

"मंग बटाटा किती वर्सं राबायलाय?"

दत्तरावांनी मनात हिशेब केला. "असतील तीन-चारशे."

"अगं बया! म्हंजी ती तर माझी थोरली जाऊबाईच की! खा गं शीलाबाई, जाऊबाईला उंबऱ्यावर ताटकळत ठिवू नको."

शीलाला हसू फुटलं. मघाची शंका त्या हसण्यात विरघळली. "जय हरी," म्हणत ती ताटाकडं वळली.

ताटात कडूबाईची शेळी होती. कडूबाईच्या मागोमाग ती गुपचूप अंगणात शिरली होती. तिला ना पोर्तुगीज कळत होतं, ना मलय. बाजूला काढलेल्या फोडींसकट तिनं सगळं चाटूनपुसून साफ केलं होतं आणि आता दह्याची वाटी चाटत होती.

"मेले, तुझा कुठला उपास!" म्हणत कडूबाईनं शेळीला दावणीकडं ओढत नेलं.

नव्यानं साबुदाणा भिजवायचा तर तीन-चार तास. शीला भिंतीला टेकून बसली. रागवायलाही अंगात बळ उरलं नव्हतं. दत्तरावांनी काही तरी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांची नजर भिंतीवरच्या कासाबाईंच्या फोटोवर गेली. तोंड मिटलं.

त्यांनी मोबाइल कोनाड्यात पालथा ठेवला. ओसरीच्या कोपऱ्यातल्या टोपलीतले चार बटाटे उचलून धोतराच्या सोग्यात घेतले आणि पावलांचा आवाज न करता, विळी कुठं असते ते शोधायला स्वयंपाकघरात शिरले.