मार्थामावशींचा एकच प्रश्न

पाहुण्याच्या हातातला अर्धा प्यालेला चहा ओढून घेऊन मोरीत ओतणारी बाई तुम्ही पाहिली आहे? मी पाहिली आहे, आणि एकदा नाही. आमच्या परळीतल्या मार्थामावशी. त्यांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून. दवाखान्यात नर्स होत्या. निम्म्या गावाची बाळंतपणं त्यांनीच केलेली, त्यामुळे निम्मं गाव त्यांना वचकून असे. "तुला उलटा धरून मीच रडविलाय," एवढं म्हटलं की धान्याच्या मोंढ्यातले भले भले आडते गप्प बसत.

चहा ओतला जायचा तो फक्त पाळकांचा, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचा. गावात नवा पाळक आला की मावशी त्याला घरी बोलवायच्या आणि मला माझं एसटीडी बूथ बंद करायला लावून दारात बसवायच्या. आम्ही लिंगायत, माझं तिथं काय काम, असं विचारलं की म्हणायच्या, "तू दार अडवून बस. मधीच उठून पळत्यात त्ये."

पाहुण्याने दोन घोट घेतले की प्रश्न यायचा. नेहमी तोच. "दोन पोरं एकाच दिवशी जल्मली, सांजच्याला दोनी गेली. एक ख्रिस्ती घरातलं, एक ऊसतोडीच्या बाईचं. बाप्तिस्मा कुनाचाच न्हाई. सोर्गात कोन गेलं?"

एक वयस्कर पाळक म्हणाले, ख्रिस्ती घरातलं लेकरू आईबापांच्या विश्वासावर तरलं. दुसऱ्याचं काही सांगता येत नाही.

"काहून? त्येनं काय घर पसंत करून अर्ज केलता का?" चहा मोरीत.

दुसरे बीडहून आलेले. ते म्हणाले, जन्माने कुणीच तरत नाही, ज्याच्या त्याच्या विश्वासाने तरतो. मला हे जरा बरं वाटलं. पण मावशी उसळल्या. "तीन तासाचं पोर! डोळं उघडलं न्हाई त्येनं, इश्वास कुठून आननार?" या वेळी चहाबरोबर कपही गेला.

आधी आधी मला हसू यायचं. पुढे मात्र संताप यायला लागला, मावशींचा नाही, या पाहुण्यांचा. दुसऱ्याच्या लेकराला स्वर्गाबाहेर बसवताना यांचा बिस्किटाकडे गेलेला हात जरासुद्धा थांबत नसे. आणि हे आम्हाला दया शिकवणार!

मग घरोघर केबल आली त्या साली एक तरुण पाळक आला. थर्मल वीजकेंद्राच्या कॉलनीतून सायकलवर आलेला, सदऱ्यावर तिथली राख. आता याचाही कप जाणार म्हणून मी भिंतीला टेकून बसलो. मावशींनी प्रश्न टाकला. त्याने कप खाली ठेवला.

"मला नाही माहीत, मावशी," तो म्हणाला. मग हळूच विचारलं, "त्यातलं तुमचं कुठलं?"

इतकी वर्षं शेजारी राहून हे मला सुचलं नव्हतं. मावशी खाली बसल्या.

"ख्रिस्ती घरातलं. पोरगी व्हती. तवाचे पाळक म्हनले, बाप्तिस्मा न्हाई, मातीला मी येनार न्हाई. शेजारच्या खाटेवर ती ऊसतोडीची बाई. तिचं गेलेलं पोर तितंच ठिवून मुकादम तिला तशीच फडावर घिऊन गेलता. मग," माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "ह्येच्या बापानं मळ्यात जागा दिली. ह्या लिंगायतांच्यात बी पुरत्यातच. एकाच खड्ड्यात ठिवली दोगं."

आमच्या मळ्याच्या कोपऱ्यात एक दगड आहे. तिथून वडिलांनी कधी औत जाऊ दिलं नाही. त्या दगडावर बसून मी कितीदा भाकरी खाल्ली आहे. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावी असं वाटलं. तेव्हाच्या त्या पाळकाचा राग आला, त्या मुकादमाचा आला, आणि मावशींची नक्कल करून बूथवर लोकांना हसवणाऱ्या माझा सगळ्यात जास्त आला.

"पण मावशी," मी म्हणालो, "त्या म्हाताऱ्या पाळकांनी तर तुमच्या पोरीला आत घेतलं होतं. त्यांचा चहा का ओतला?"

"एकटीला घेतलं की रं," मावशी म्हणाल्या. "तीन तासाची पोर. त्या पोराबिगर तिच्या वळखीचं तिथं कोन हाय?"

तरुण पाळक मान खाली घालून बसला होता. काहीतरी करायचं म्हणून त्याने कप उचलला. मावशींनी तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"गार झालाय," म्हणाल्या, आणि चहा मोरीत ओतून त्यांनी पुन्हा स्टोव्ह पेटवला.