दात पाडलेल्या कॅसेटी

दौलत आबांना चहाला बोलावलं की कपात चहा पडायच्या आत आपल्या कॅसेटींचे दात पडायचे. कॅसेटच्या पाठीला दोन टोकांना प्लास्टिकच्या दोन बारीक कळ्या असतात, आबा त्यांना दात म्हणत. त्या मोडल्या की टेपरेकॉर्डरचं लाल बटन दबत नाही आणि त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. खिशातला छोटा पेचकस काढून आबा बसल्याबसल्या चार-पाच कॅसेटींचा निकाल लावत. कोणी हात धरला तर शांतपणे म्हणत, "पयले दात, मंग बात."

देवपुरातल्या आमच्या गल्लीत निम्म्या लोकांनी यावरून आबांशी अबोला धरला होता. आवडीची गाणी बदलून भरायची सोयच उरत नसे. मग लोक त्या भोकांवर चिकटपट्टी लावत आणि आबा पुढच्या खेपेला ती नखाने काढत. मी शाळामास्तर, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये हे रोज मुलांना शिकवणारा. मला हा प्रकार अजिबात खपत नसे. पण शेजार पडला भिंतीला भिंत लागून. तोंड फिरवून जाणार कुठे?

आबा पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. खातं सुटलं, पण कारकुनी सुटली नाही. धुळ्याच्या एका पेपरात ते दर महिन्याला दोन ओळींची जाहिरात देत: 'नको असलेल्या कॅसेटी पोस्टाने पाठवा. ऐकून कळवू.' लोक आधी पोस्टकार्डावर यादी पाठवत. आबा जावक क्रमांक घालून उत्तर देत. मग पार्सल येई. कधी यावलहून केळीच्या वाळक्या पानांत बांधलेलं, कधी बोदवडहून जुन्या धोतरात शिवलेलं. पोस्टमन आबांच्या दारात सायकल उभी करताना तोंडातल्या तोंडात काय पुटपुटायचा ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पार्सल उघडलं की आबा प्रत्येक कॅसेट हातात घेऊन तिच्या दोन्ही अंगांवरून अंगठा फिरवत, वैद्याने नाडी पाहावी तसा. मग ती यंत्रात घालत आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत, दोन्ही बाजू, ऐकत. भजन असो, कव्वाली असो, इंग्रजी शिकवणारी कॅसेट असो, आबा मान खाली घालून बसलेले. ऐकून झालं की वहीत शेरा. उत्तम, मध्यम किंवा आजारी. आजारी कॅसेटीला पेन्सिल घालून गुंडाळत, तुटली असेल तर सांधत. शेवटी दात पाडत आणि येईल त्या भावाने विकून टाकत.

काही कॅसेटी मात्र ते परत पाठवत. यावलच्या एका माणसाच्या कॅसेटीत गाणी संपल्यावर कुणी म्हातारा शेळ्यांना हाका मारत होता. आबांनी त्याला लिहिलं, 'आपल्या घरातील आवाज असलेली कॅसेट चुकून इकडे आली आहे. परत पाठवीत आहे. दात पाडले आहेत. कळावे.' त्या माणसाचं उलट उत्तर आलं, की तो आवाज त्याच्या वडिलांचा, त्यांना जाऊन वर्ष झालं, आणि घरात असं काही आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. ते पत्र आबांनी मला तीनदा वाचायला लावलं.

हे सगळं कशासाठी चाललंय हे गल्लीत प्रत्येकाला माहीत होतं. आबा ते लपवत नसत. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "मनी एक कॅसेट हारपेल शे. तीन ठिपका शेत तिच्यावर."

त्यांची बायको, अक्का, बोलण्यात कोणाला हार जाणारी नव्हती. ती बोलू लागली की समोरच्याचं वाक्य पुरं होत नसे. आबांची तर कित्येक वाक्यं लग्नापासून अर्धीच राहिली होती. अक्काला लिहिता-वाचता येत नव्हतं. लग्नकार्यात भांडी बदलू नयेत म्हणून ती घरातल्या ताट-तांब्यांवर खिळ्याने तीन ठिपके ठोकायची. तेच तिचं नाव. मुलगी कमल सुरतेला दिलेली. तिला पत्र लिहिण्याऐवजी अक्काने आबा कचेरीत गेल्यावर, एकटीने, एक कॅसेट बोलून भरली. तापल्या सुईने तिच्यावर तीन ठिपके दिले आणि सुरतेला जाणारं कोणी भेटेपर्यंत गाण्यांच्या कॅसेटीत ठेवली. तसं कोणी भेटायच्या आतच अक्का गेली.

आबांना घरात गाणी सोसवेनात. चौथ्या दिवशी त्यांनी सगळ्या कॅसेटी पिशवीत भरल्या आणि बाजारातल्या एका दुकानदाराला देऊन टाकल्या. तो जुन्या कॅसेटी भरायला म्हणून स्वस्तात विकायचा. तेरावं झाल्यावर निघताना कमल म्हणाली, "आबा, आईनी मनासाठे कॅसेट भरी ठेयेल शे. सांगावा धाडेल व्हता तिनी, तीन ठिपका देयेल शेत म्हनीसन. कोठे शे ती?"

आबा तसेच उठून अनवाणी बाजारात गेले. पिशवी केव्हाच विकून झाली होती. त्या कॅसेटीचे दात शाबूत होते. अक्काला दातांचं कुठलं माहीत. कोणीही लाल बटन दाबावं आणि तिला पुसून टाकावं.

आम्ही त्याच वर्षी देवपुरात राहायला आलो होतो. मीही त्या दुकानाचा गिऱ्हाईक. आबांची हकीकत ऐकली तेव्हा घरी येऊन मी माझ्या सगळ्या कॅसेटी पाहिल्या. ठिपके कुठेच दिसले नाहीत. एक कॅसेट तेवढी मी आबांच्या नजरेआड, कपाटात लुगड्यांच्या घडीखाली ठेवत असे. तिच्यावर आमच्या मनूचे बोबडे बोल, कविता, पाढे असं काय काय भरलं होतं. वरून ब्राउन पेपर चिकटवून 'मनूचे बोल' असं झोकात लिहिलं होतं. अजून भरायचं होतं ना. आबांच्या पेचकसापुढे तिला कोण ठेवणार?

दोनेक वर्षांनी एका रविवारी दुपारी हिने कौतुकाने तीच कॅसेट आबांसमोर आणून ठेवली. मी डोळे वटारले, पण उशीर झाला होता. आबांनी ती उचलली, अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला. म्हणाले, "लाव."

मनूने बेचा पाढा म्हटला. बे साते चौदा नंतर अडकली, रडली, नाक ओढलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. आबांनी दोन्ही बाजू ऐकल्या. मला पेपर तपासायचे होते, मी दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटी त्यांनी पेचकस काढला आणि नेहमीपेक्षा हळू दोन्ही दात पाडले. "जपीसन ठेव, मास्तर. पोर मोठी व्हयी जाई," म्हणाले. मग कधी दुसरा चहा न घेणाऱ्या माणसाने दुसरा चहा मागितला. मी मात्र आठवडाभर धुमसत होतो.

पुढच्या महिन्यापासून आबांची जाहिरात बंद झाली. मी हिला म्हटलं, म्हाताऱ्याचं खूळ उतरलं एकदाचं. त्याऐवजी आबा दर रविवारी दुपारी येऊन बसू लागले. "मास्तर, पोरनी कॅसेट लाव." आम्हाला वाटलं, लळा लागला मुलीचा. दिवाळीला कमल आली तेव्हा तिलाही घेऊन आले. ती ऐकताना पदराने डोळे पुसत राहिली आणि जाताना मनूच्या हातात नवा फ्रॉक ठेवून गेली. सुरतेची माणसं हळवी असतात, असं मी त्यावर भाष्य केलं. मनू मोठी झाली, आपलाच बोबडा आवाज ऐकून लाजून आत पळू लागली. आबांचा रविवार चुकला नाही.

मनू शिकायला जळगावला वसतिगृहात जायची झाली तेव्हा मी ती कॅसेट धूळ झटकायला काढली. इतक्या वर्षांत डिंक वाळला होता. ब्राउन पेपर अलगद सुटून माझ्या हातात आला. खाली तीन ठिपके होते, सुईने जाळलेले, कडा वर आलेल्या. कागदावरूनही बोटाला लागतील असे. मला इतकी वर्षं ते कळलं नव्हतं, कारण मी कॅसेटी डोळ्यांनी पाहिल्या होत्या.

अक्काचा आवाज मीच पुसला होता. दोन्ही बाजू, टोकापासून टोकापर्यंत. भरायला आणलेली कॅसेट आधी ऐकून पाहावी एवढंही मला सुचलं नव्हतं. आणि जो माणूस ती गावोगावहून पोस्टाने मागवत होता, त्याच्या नजरेआड मी तिला लुगड्यांखाली दडवून ठेवलं होतं.

कॅसेट घेऊन शेजारी गेलो. आबा ओट्यावर बसले होते. मी ती त्यांच्या हातात दिली. म्हटलं, "आबा, ही अक्कांची."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. अंगठा फिरवला. "माले माहीत शे."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"मी सांगतू, मंग तू ती मनासमोर परत कधी लावता का, मास्तर?"

नसतीच लावली. लाजेने कुठेतरी खोल पुरून ठेवली असती. मी म्हटलं, "पण आबा, तिच्यात आता अक्का नाहीत."

"शे ना," आबा म्हणाले. "वर तुनी पोर बोलस, खाले ती बठेल शे. जलमभर तिनी कोनले बोलू दिधं नही. आते पोरनं आयकी ऱ्हायनी."

त्यांनी कॅसेट माझ्याकडे परत केली. "तुना घरनी शे ती. चाल, लाव."

रविवार नव्हता. तरी आम्ही आत जाऊन बसलो आणि मी बटन दाबलं. सुरुवातीला थोडा वेळ नुसती खरखर होती. मी घसा साफ करणार तोच आबांनी बोट वर करून मला थांबवलं. मग मनूने बेचा पाढा सुरू केला.