खोड आधी, दाम मागून

आमच्या शेणवे गावात कुणाला जुना लॅपटॉप घ्यायचा असला, की तो आधी बुधाजी दलालांना सोबत नेतो. आणि बुधाजी दलाल लॅपटॉपचे दात बघतात.

खोटं नाही सांगत. झाकण उघडायचं, मान तिरकी करायची आणि एकेका बटणावरून अंगठा फिरवायचा. "हे बघा, मधले दात झिजलेत, कडेचे कोरे. जनावर कामाचं हाय, पन वय चोरतंय." मग तो उलटा करून पोटाला हात लावायचा. "अंग तापतंय." मग कान लावून आतला पंखा ऐकायचा. "धाप लागते याला."

दलाल हे काही त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव आता रेशनकार्डावरच उरलंय. मुरबाडकडे म्हसा गावची जत्रा भरते, तिथे बैलांचा मोठा बाजार असतो. त्या बाजारात बुधाजी भावजींनी उभा जन्म बैलांची दलाली केली. पुढे गावोगाव ट्रॅक्टर आले नि बैल कमी झाले. भावजींच्या स्वतःच्या गोठ्यातला पाखऱ्या तेवढा राहिला होता, तोही म्हातारा होऊन गेला. बायको त्याच्या आधीच गेली. मुलगा डोंबिवलीला, सणासुदीला येतो. गोठा रिकामा, हात रिकामे, पण डोळ्याची सवय काही जाईना. तेवढ्यात मुरबाड-शहापुरात जुने लॅपटॉप विकणारी दुकानं निघाली आणि भावजींना परत बाजार मिळाला.

"वैनी," ते मला म्हणायचे, "जनावर काय नि मशीन काय, इकणारा तोच असतो."

त्यांची सगळीच पारख बरोबर यायची असंही नाही बरं का. एकदा शेजारच्या आळीतल्या माणसाला त्यांनी चांगला धडधाकट लॅपटॉप घेऊ दिला नाही. का, तर त्याच्या उजव्या बाजूला कंपनीचं गोल स्टिकर होतं. "उजव्या खांद्यावर भोवरा! मालकाला खातो!" म्हणून मग डाव्या भोवऱ्याचा घेतला, तर महिन्याच्या आत त्याचं झाकण बिजागरीतून निखळलं. तो माणूस तणतणत आला, तर भावजी म्हणतात, "शिंग मोडलं म्हणून कोन बैल टाकतं का रे?"

पण एका गोष्टीत ते कुणाचं ऐकायचे नाहीत. त्यांचं एक वाक्य होतं, दुकानात पाय ठेवला की पहिलं तेच. "खोड आधी सांग, दाम मागून." बाजारात बैलाची खोड, म्हणजे लाथ मारतो, शिंग उगारतो, नांगराला बसतो, ती लपवून सौदा करणारा दलाल त्यांच्या लेखी चोराहून वाईट. "मी जन्मात खोड लपवली नाय," असं ते छातीवर हात मारून सांगायचे. गावात त्यावर कुणाचं दुमत नव्हतं.

तर माझी नात अस्मिता. कॉलेजात हिशेबाचं शिकते. तिला लॅपटॉप हवा झाला. नवा परवडणारा नव्हता, म्हणून आम्ही दोघी भावजींना घेऊन मुरबाडच्या एका दुकानात गेलो. दुकान म्हणजे अर्ध्यात मोबाईलची कव्हरं नि अर्ध्यात लॅपटॉप. दुकानदार तरुण, गोड बोलणारा.

"काकी, एकदम नव्यासारखा पीस आहे."

"नव्यासारखा म्हंजे जुना," भावजी म्हणाले. "आधीचा मालक कोन? का इकला?"

"फॉरेनला गेला, आजोबा."

"सगळे फॉरेनलाच जातात. एखादा तरी इथल्या खर्डीला गेला म्हणून सांग की रे!"

चालू केला, तर पडद्यावर कुणा रोहनचं स्वागत झळकलं. भावजी म्हणाले, "दुसऱ्याच्या दावणीचं नाव अजून इसरला नाय." मी वॉरंटीचं विचारलं, तर दुकानदार म्हणाला, "आपलंच दुकान आहे, काकी." बिल मागितलं, तर म्हणाला, "बिलाचं काय, माणूस ओळखीचा पायजे." आणि मीही मान डोलावली, बघा! आपल्याला 'काकी' म्हटलं की आपण असेच पाघळतो.

मग भावजींनी खांद्यावरचा टॉवेल काढून आपल्या हातावर टाकला आणि दुकानदाराला म्हणाले, "घाल हात."

"आजोबा, काय करताय?" पोरगा दोन पावलं मागे.

"सौदा. बोट धर."

बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात, म्हणजे बघणाऱ्याला कळत नाही. त्या बिचाऱ्याला हे काय ठाऊक! कव्हरं घ्यायला आलेल्या पोरी फिदीफिदी हसायला लागल्या. अस्मिता लाजून रस्त्याकडे बघत उभी. पोरग्याने शेवटी हसत हात घातला. भावजी बोटं दाबतायत, तो 'हो हो' म्हणतोय, आणि कोणता भाव ठरला याचा दोघांनाही पत्ता नाही. मग पोरग्याने वाकून भावजींच्या कानात काहीतरी सांगितलं. भावजींनी अस्मिताकडे बघितलं. मग नुसती मान हलवली.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"काय नाय. घ्या. जनावर गरीब हाय."

घरी आणला नि दुसऱ्याच दिवशी कळलं. वायर लावलेली असली की छान चालायचा. वायर काढली की डोळे मिटायचा. बॅटरीत जीवच नव्हता. आमच्याकडे वीज तर काय, पाहुण्यासारखी येते-जाते. वीज गेली की लॅपटॉप गेला, नि अस्मिताचा अर्धा लिहिलेला अभ्यासही गेला.

"बसका निघाला गो," भावजी म्हणाले. बसका म्हणजे नांगर ओढता ओढता मधेच मटकन बसणारा बैल.

"मग दुकानदाराला जाब विचारा ना, भावजी!"

"बघू. बाजार झाला, आता सांभाळायचा."

मला जरा नवल वाटलं. खोडीवरून जत्रा डोक्यावर घेणारा माणूस, नि एवढा गार?

आमच्या घरात मोबाईलला रेंज नाही. भावजींचा गोठा उंचवट्यावर, तिथे मात्र भरपूर. शिवाय कडबा कापायच्या यंत्रासाठी घेतलेलं विजेचं बटण अजून तिथे होतं. म्हणून अस्मिता रोज संध्याकाळी लॅपटॉप घेऊन गोठ्यात जायला लागली. भावजींनी गव्हाणीवर फळी टाकून दिली. वायर कुणाच्या पायात येऊ नये म्हणून ती पाखऱ्याच्या खुंट्याला एक वेढा देऊन आणली. ती अभ्यास करायची आणि भावजी खाटेवर बसून बघत राहायचे. मधूनच विचारायचे, "आज किती नांगरलं?" ती म्हणायची, "दोन धडे, बुधाआजा." "मग सोड आता. जनावर दमलं."

पोळ्याला तर कहरच केला. मी सकाळी गेले तर लॅपटॉपच्या झाकणावर झेंडूची माळ, आणि अंगावर चक्क झूल! पाखऱ्याची जुनी झूल कापून, स्वतः सुई घेऊन शिवलेली, आरशाच्या टिकल्यांची. अस्मिता हसून हसून बेजार. मीही हसले. पण भावजी हसत नव्हते. किती पोळे झाले, त्या गोठ्यात काही सजलं नव्हतं.

दिवाळीनंतर अस्मिताला ठाण्याला कोर्समध्ये जागा मिळाली. तिथे शिकून लगेच नोकरीला लागलेल्या मुली तिच्या ओळखीत होत्या. राहायला मावशीचं घर होतं. एकच अट, लॅपटॉप आपला आणायचा, नि वर्गात सगळ्यांना वायर लावायची सोय नव्हती. आमचा तर बसका! दुसरा घ्यायची ऐपत नव्हती. बॅटरी बदलता येते हे आम्हा दोघींना कुणी सांगितलंच नव्हतं. आम्हाला वाटलं, मेलं ते मेलं.

गोठ्यातच बसलो होतो. अस्मिता वायर गुंडाळत म्हणाली, "राहू दे आजी. पुढच्या वर्षी बघू. मी आहे इथंच."

भावजी खाटेवरून उठले नि बाहेर गेले.

सकाळी गव्हाणीवर लॅपटॉप नव्हता आणि भावजीही नव्हते. कुणी सांगितलं, पहिल्या एसटीने मुरबाडला गेले, काखेत झूल घातलेलं काहीतरी होतं. संध्याकाळी परतले ते थेट माझ्या ओट्यावर. लॅपटॉप मांडीवर घेऊन झाकण उघडलं. वायर नव्हती. तरी पडदा उजळला, नि उजळलेलाच राहिला.

"नवी बॅटरी घातली. आता चारी वाटा मोकळा."

"भावजी, हे होत होतं तर आधीच..."

"वैनी," त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं. "त्या पोराने मला त्याच दिवशी कानात सांगितलेलं. बॅटरी मेलीय, पायजे तर दुसरी घालून देतो. मीच नको म्हटलं."



"इचार केला, दाव्याचं जनावर कुठं जात नाय. नि रेंज माझ्याच गोठ्यात हाय." मग झूल सारखी करत म्हणाले, "जन्मात एक खोड लपवली, ती बी लेकराच्या सौद्यात."

मला रागवायचं होतं. खरंच होतं. पण मी चहा टाकायला आत गेले, नि साखर जरा जास्तच पडली.

अस्मिता आता ठाण्याला असते. शनिवारी येते. आली की पिशवी माझ्याकडे टाकून आधी गोठ्यात जाते, झुलीतून लॅपटॉप काढते, खुंट्याला वेढा देते नि वायर लावते. परवा मी म्हटलं, "अगो, बॅटरी पूर्ण भरलेली आहे ना तुझी?"

"असू दे गो आजी," ती हळूच म्हणाली. "बांधलेला दिसला की बुधाआजा जेवतो नीट."

भावजींनी तेवढ्यात उठून लॅपटॉपच्या पोटाला हात लावून बघितलं.

"लांबून आलंय," म्हणाले. "जरा बसू द्या त्याला."