मिसेस प्लम्लींचा वाकडा पडदा

"रविवारच्या बैठकीआधी तो पडदा सरळ झाला नाही, तर मी अध्यक्षपद सोडेन," असं क्लेमंट ऑर्पिन यांनी भर रस्त्यात जाहीर केलं. तेही दूधवाला, दोन कुत्री आणि अर्धी ॲल्डर्ली टेरेस ऐकत असताना.

राग साधासुधा नव्हता. ॲल्डर्ली टेरेस ही इंग्लंडमधल्या बाथ शहरातली घरांची ओळ दोनशे वर्षांपूर्वी एका दमात उभी राहिलेली. भिंतीला भिंत, दारासारखं दार, खिडकीखाली खिडकी. सगळं पट्टी धरून आखल्यासारखं. चष्म्याचं दुकान मुलीच्या हवाली करून ऑर्पिन या सरळपणासाठीच वर्षापूर्वी इथे राहायला आले होते, आणि रहिवाशांच्या मंडळाचे अध्यक्षही झाले होते. अशा ओळीत शेजारच्या हेस्टर प्लम्लींच्या दुसऱ्या मजल्यावर मात्र एक पडदा कायम अर्धवट सरकलेला आणि एका टोकाने लोंबणारा. पंगतीत एकानेच पाय पसरून बसावं तसा.

"बाई, तो पडदा."

"कोणता हो?"

"नाटक नको. कोणता ते तुम्हाला चांगलं माहीत आहे."

"अच्छा, तो होय. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तो तसाच आहे." मिसेस प्लम्ली गुलाबाच्या वाळक्या काड्या छाटत राहिल्या.

"मग हात लावून सरळ करा."

"मला नाही जमायचं. तुम्हाला जमलं तर बघा."

ऑर्पिन यांच्या कानशिलावरची शीर ताडताड उडायला लागली. त्यांनी तडक नगरपालिकेत जुन्या इमारती सांभाळणाऱ्या मिस क्रॅब यांना फोन लावला. शेजारीण ओळीची शोभा घालवते आहे, येऊन दंड करा. मिस क्रॅब म्हणाल्या, शनिवारी येते.

शनिवार उजाडला. पडदा तसाच. ऑर्पिन यांच्या घराचा दगड धुवायला परांची बांधलेली होती. ते तिच्यावर चढले, कामगाराची पटाशी आणि हातोडी उचलली आणि शेजारच्या खिडकीकडे वाकले. खिडकी वर सरकवायची, आत हात घालायचा, पडदा ओढायचा, काम एवढंच. जवळचा चष्मा खाली टेबलावर राहिला होता, पण रागाला चष्मा लागत नाही.

"मिस्टर ऑर्पिन, थांबा," मिसेस प्लम्ली खालून ओरडल्या. "अहो, ती खिडकी उघडत नाही."

"तुमच्या हातून उघडत नसेल."

"कोणाच्याच हातून उघडत नाही."

"जन्मभर लोकांचे डोळे तपासलेत मी. मला खिडकी दाखवू नका."

त्यांनी चौकटीच्या फटीवर पटाशी टेकवली आणि सगळा वर्षभराचा राग हातोडीत आणला. खिडकी वर गेली नाही. खाली आली. जुन्या भिंतीचा पोपडा सुटावा तशी अर्धी चौकट, दोन काचा आणि अख्खा पडदा गिलाव्यासकट निघून गुलाबांत पडला. मागे नुसता दगड.

फाटकाशी मिस क्रॅब उभ्या होत्या. "रंगवलेली होती ती," त्या हळूच म्हणाल्या. "आतून धुराडं जातं, तिथे खिडकी होणार कशी? पण ओळ तर जुळायला हवी. म्हणून बांधणाऱ्याने चित्र काढून घेतलं. खरं वाटावं म्हणून पडदा जरा सरकलेला."

ऑर्पिन परांचीवरून मिसेस प्लम्लींवर खेकसले, "मग बोलला का नाहीत?"

"विचारलंत कधी? तुम्ही नुसते ओरडत होतात."

मिस क्रॅबनी पेनाचं टोपण काढलं. "दंड करायला बोलावलं होतंत ना? नाव सांगा."

रविवारी ऑर्पिन यांनी शब्द पाळला आणि अध्यक्षपद सोडलं. तसाही पडदा आता सरळ होणं शक्य नव्हतं.

महिनाभराने त्यांच्याच खर्चाने चित्रकार परांचीवर चढला. नगरपालिकेची अट एकच होती: पडदा होता तसाच हवा. ऑर्पिन रस्त्याच्या मधोमध जुना फोटो धरून उभे, तोंड लालबुंद.

"डावीकडे घ्या. अहो, खालचं टोक अजून वाकडं. अजून!"

कुंपणाशी चहाचा कप घेऊन नव्या अध्यक्षबाई, मिसेस प्लम्ली, मान तिरकी करून बघत होत्या.

"मला तर अजून सरळच वाटतोय हो, मिस्टर ऑर्पिन."